शेगडी, साबणाचं पाणी आणि विनीची आजी

८ जानेवारी

कोरीन पोरी,

पाकिटावरचं अक्षर बघून तू हे फ्रिजवर ठेवून देशील आणि चार दिवस त्याच्याकडे बघणारही नाहीस. नको बघूस. पाचव्या दिवशी बघशील. फोन केला तर तू उचलत नाहीस, पण पोस्टमनला कोण अडवणार? आठवीत शाळा सुटली माझी, पण पत्र लिहायला पुरते तेवढी.

तर बातमी ही, की तुझ्या आईनं गाडी घेतली. साधी नाही, घरवाली गाडी! आत पलंग, शेगडी, फ्रिज, हीटर, संडास, सगळं. सत्तावीस वर्षांची आहे म्हणजे तुझ्याहून पाच वर्षांनी धाकटी आणि तुझ्यापेक्षा कमी रुसते. गालिचा टोमॅटो सूपच्या रंगाचा आहे. विकणारा म्हणाला, गालिचा बदलून देतो. मी म्हटलं, हात लावशील तर बघ. नोव्हेंबरपासून मी तिच्यातच राहते, इथे ॲरिझोनात, वाळवंटात. आजूबाजूला दीडशेक गाड्या आहेत आणि एकाही गाडीत सत्तरीच्या आतलं माणूस नाही. सकाळी सगळे पांढऱ्या केसांचे लोक खुर्च्या टाकून उन्हात बसतात, लांबून बघितलं तर वाटतं कापूस फुटलाय.

तुझ्या मावशीनं विनीचा फोटो पाठवला. दोन दात! आणि तो टाळूवरचा तुरा! मी फोटो इथे सगळ्यांना दाखवला. शेजारची मेव्हिस म्हणाली, आर्डिथ, अगदी तुझ्यासारखी दिसते. खोटं बोलली, पण मी तिला ॲपल पायचा मोठा तुकडा दिला. मी पाहिलं तेव्हा सहा आठवड्यांची होती गं ती. आता रांगत असेल.

आता मुद्दा. सहा एप्रिलला ती वर्षाची होईल. मला यायचंय. तुझ्या घरात पाऊल टाकणार नाही, म्हणूनच तर ही गाडी घेतली. तुमच्या दारासमोर लावीन, माझा पलंग माझा, माझी शेगडी माझी. तुम्ही पोरीला दोन मिनिटं बाहेर आणा, मी बघीन. एवढंच मागते.

गाडी उत्तम आहे. सगळं चालतं. शेगडीची ज्योत जरा बारीक आहे, वाढदिवसाच्या मेणबत्तीएवढी, किटली उकळायला चाळीस मिनिटं लागतात. हे पत्र मी त्या चाळीस मिनिटांतच लिहिते आहे. हीटर तर पेटतच नाही, पण मला तीन रजया आहेत. शेगडीखालचा पाइप मी स्वतः पान्यानं काढला, फुंकून साफ केला, पुन्हा बसवला, तुझे बाबा करायचे तस्सा. बाबांनी बघितलं असतं तर शीळ घातली असती. आणि जमिनीजवळ भिंतीत एक छोटी डबी होती, ती रातकिड्यासारखी टिवटिव करायची. ती काढून मोज्यांत गुंडाळून ठेवली. आता शांत झोप लागते.

मेमधल्या त्या दिवसाचं मी काढत नाही. तूही काढू नकोस. झालं ते झालं.

तुझी आई

१७ जानेवारी

कोरीन,

ज्योत मोठी झाली! निळी, उंच, फुसफुस आवाज करणारी. बिस्किटं भाजली आज. बारा केली, सात खाल्ली. हीटरही पेटला आणि मी नुसत्या गाऊनमध्ये बसून लिहिते आहे.

झालं असं. मेव्हिसचा नवरा आहे हबका, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. चाळीस वर्षं शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या त्यानं. सगळे त्याला हबका असंच म्हणतात, मेव्हिससुद्धा. मी त्याला म्हटलं, माझी गॅसची टाकी भरलेली आहे, काटा दाखवतो, तरी शेगडी मरतुकडी का? तो हातातला कॉफीचा कप न ठेवता आला, टाकीपाशी उभा राहिला आणि म्हणाला,

"शेजारीणबाई, चावी कशी उघडता, दाखवा."

मी दाखवली. बाबांनी शिकवलं होतं ना, विहिरीच्या पंपाचा नळ उघडायचा तो एका झटक्यात, पूर्ण, अर्धवट काम करायचं नाही. तशी मी गर्रकन फिरवली.

हबका हसायला लागला. कॉफी सांडली त्याची. "अहो, तुम्ही शेतावरच्या बाई! हा पाण्याचा पंप नाही. गॅस एकदम सुटला की टाकीच्या तोंडातल्या गोळीला वाटतं, पाइप तुटला. ती धाडकन दार लावून घेते आणि फटीतून थोडाथोडा सोडते. तुमची टाकी दोन महिने तुम्हाला घाबरून बसलीये."

मग त्यानं चावी बंद केली, पाच मिनिटं गप्पा मारल्या, मला म्हणाला, आता उघडा, पण बाळ झोपलेल्या खोलीचं दार उघडता तशी. मी उघडली. केसभर, मग अजून केसभर. आत जाऊन काडी लावली तर भक्क!

म्हणजे पाइप काढायची काही गरज नव्हती. असो, काढला तर काढला, स्वच्छ झाला.

विनीला बाटलीनं पाजतेस की अजून अंगावर? तू तर दीड वर्षाची होईस्तोवर सोडायला तयार नव्हतीस. चर्चमध्ये माझ्या ब्लाउजची बटणं तोडायचीस. पाद्रीबाबा बिचारे वर छताकडे बघून प्रवचन द्यायचे.

उत्तर पाठव. नुसतं हो लिहिलंस तरी चालेल. एकच अक्षर.

आई

२ फेब्रुवारी

कोरीन,

उत्तर नाही. ठीक आहे. थंडीत पत्रं हळू चालत असतील.

इथे थोडी गडबड झाली, म्हणजे विशेष काही नाही, पण तुला लिहिते कारण मजा आली.

मागच्या मंगळवारी मेव्हिस पत्ते खेळायला आली. दारात पाय ठेवला आणि तिचं नाक असं झालं, लिंबू चावल्यासारखं. "अगं आर्डिथ, काय सडलंय इथे? कोबी?"

मी म्हटलं, हो, कोबीच उकडला होता. कोबी मी उकडला नव्हता. मग ती बसली, दोन डाव खेळली आणि पत्ते टाकून उठली. "कोबी नाही हा. हबका! ए हबका! मेल्या, इकडे ये, गॅस आहे!"

तो आला आणि त्यानं पहिल्यांदा माझ्या दंडाला धरून मला बाहेर काढलं, मग टाकीची चावी बंद केली, मग सगळ्या दारंखिडक्या उघडल्या. मी पायांत चपला नसताना काट्यांत उभी. दहा गाड्यांमधले लोक जमले. प्रत्येकाला वास वेगळा. एक म्हणाला अंडी, एक म्हणाला डिझेल, कॅनडावाल्या बाई म्हणाल्या, मला तर गुलाब येतोय. आणि हबका स्वतः काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, "मला काही विचारू नका. चाळीस वर्षं बसच्या धुरात गेली. माझं नाक फक्त चष्मा ठेवायला आहे."

सगळे हसले. असं चारचौघांत बोलला तो. आणि हसला.

मग दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं एक लांब पारदर्शक नळी आणली, माझ्या शिवणाच्या लाकडी गजपट्टीवर इंग्रजी यू सारखी वाकवून बांधली आणि म्हणाला, यात पाणी हवं, रंगीत. माझ्याकडे बीटाच्या लोणच्याची बरणी होती, त्यातलं लाल पाणी ओतलं. नळीचं एक टोक शेगडीच्या बर्नरच्या भोकावर घट्ट लावलं. टाकी उघडली (हळू! मी उघडली, हळू!) तर एका बाजूचं लाल पाणी खाली, दुसऱ्या बाजूचं वर. दोन्हींत अकरा इंचांचा फरक. हबका म्हणाला, अकरा म्हणजे दाब बरोबर आहे, तुमचा रेग्युलेटर शहाणा आहे. मग टाकी बंद केली, दाब थोडा उतरवून आठावर आणला आणि म्हणाला, आता कोणी काही करायचं नाही, नुसतं बघायचं. पाणी जिथल्या तिथे राहिलं तर घर घट्ट. हललं तर कुठेतरी भोक.

आम्ही तिघं चर्चमध्ये बसल्यासारखे बसलो. आठ. साडेसात. सात. पाच मिनिटांत पाच! मेव्हिस म्हणाली, "गळतंय." हबका म्हणाला, "बाई, तुम्हाला नोकरीवर ठेवतो."

मग भांडी घासायचा साबण वाटीत कालवला, ब्रशनं एकेक जोड माखत गेलो. फ्रिजच्या जोडाला फेस नाही. हीटरच्या नाही. शेगडीखालच्या नटाला लावलं तर असा फेस, जसं विनी तोंडानं फुर्र करत असेल. हबकानं नट सोडवला. आत नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप, चार वेढे. तो म्हणाला, "हा जोड कोरडा बसवायचा असतो. तांब्याचं तोंड कर्ण्यासारखं पसरलेलं, ते पितळेवर दाबून बसतं. मध्ये टेप आली की बसणार कसं? ज्यानं केलंय तो पाण्याच्या नळाचा मोठा कारागीर असणार."

मी म्हटलं, विकणारा असणार. तो माणूस मला पहिल्यापासून चोरट्या नजरेचा वाटला होता.

आणि त्यानं मोज्यातली ती डबी शोधून काढली. खूप बोलला. "बाई, पोर रडतं म्हणून तोंडात बोळा कोंबतात का?" तीच डबी गॅस सुटला की ओरडते म्हणे, आणि तिचं वयही संपलेलं होतं, म्हणून टिवटिव करत होती. आता नवीन आणली. जमिनीलगतच लावतात, कारण हा गॅस जड, खाली साठतो.

काळजी करू नकोस. सगळं नीट झालं.

आई

६ फेब्रुवारी

कोरीन,

मागचं पत्र टाकल्यापासून मला जेवण जात नाही. माझ्याबाबतीत असं कधी झालं नव्हतं, तुला माहीत आहे, बाबांच्या मर्तिकालाही मी दोनदा बटाट्याचं सॅलड घेतलं होतं.

ती टेप मी लावली होती. विकणाऱ्यानं नाही. नोव्हेंबरात, पाइप साफ केला तेव्हा. बाबा नळाच्या प्रत्येक आट्याला टेप लावायचे, मी तेच केलं, आणि वर हौस म्हणून चार वेढे.

आज सकाळी पॅनकेकच्या रांगेत मी हबकाला गाठलं आणि सांगून टाकलं. तो म्हणाला, "माहीत आहे की. टेपचं रीळ तुमच्या स्टिअरिंगसमोर पडलेलं आहे." मी म्हटलं, मग बोलला का नाहीत? तो म्हणाला, "म्हटलं, बघू किती दिवस लागतात. मेव्हिस शनिवार म्हणत होती, मी शुक्रवार. आज शुक्रवार." मेव्हिस मागून ओरडली, "आर्डिथ, एक दिवस थांबली असतीस तर तुझं काय जात होतं?"

एवढंच झालं. कोणी मला हाकललं नाही. माझ्या ताटात सरबतासारखं सिरप ओतलं आणि पुढची माणसं पुढे सरकली. मी मात्र ताट घेऊन माझ्या गाडीच्या पायरीवर येऊन बसले आणि रडले, आणि मग पॅनकेक खाल्ले. म्हणजे जेवण गेलं बघ शेवटी.

आता दुसरं. दम धरून वाच.

मेमध्ये तू दुकानातून आलीस, पोर्चमध्येच तुला वास आला, तू पिशव्या टाकल्यास आणि आत धावलीस. विनी पाळण्यात, मी शेजारी विणत बसलेली. शेगडीचं बटण उघडं, ज्योत नाही. तू ओरडलीस आणि मी म्हटलं, मी शेगडीला हातही लावला नाही, तुझ्या नवऱ्यानं, ट्रॉयनं, सकाळी कॉफी करताना उघडं ठेवलं असेल.

मी लावला होता हात. चहाला पाणी ठेवत होते, विनी रडली, मी बटण फिरवलेलं तसंच सोडून धावले. आणि मला वास आला नाही, कारण मला वास येतच नाही. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात ताप आला होता ना, तेव्हापासून. कॉफी नाही, साबण नाही, कांदा नाही, काही नाही. विनी झाली तेव्हा तिच्या टाळूवर नाक ठेवून मी श्वास घेतला, सगळ्या आज्या घेतात तसा, आणि मला काही आलं नाही. मी तरी म्हटलं, आहाहा.

सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू पोर माझ्याजवळ ठेवली नसतीस. आणि खरंच ठेवायला नको होती. त्या दिवशी तुला यायला अजून अर्धा तास लागला असता तर. मी हे वाक्य रोज तिथपर्यंत नेते आणि सोडून देते.

ट्रॉय आठवडाभर भावाकडे राहिला ते मला मावशीकडून कळलं. माझ्यामुळे. तू म्हणाली होतीस, खरं सांगशील तेव्हा ये. मला नऊ महिने लागले. हबका म्हणाला असता, कोणी एवढ्या लांबची पैज लावत नाही.

हे पत्र ट्रॉयलाही वाचायला दे. ट्रॉय, तुझी चूक नव्हती. माझी होती. मी खोटं बोलले. मला माफ कर म्हणायचा हक्क नाही, पण म्हणते.

आता मी शेगडी रोज डोळ्यांनी बघते. दर रविवारी साबणाचं पाणी आणि लाल नळी. डबी जमिनीजवळ. बाहेर पडताना टाकी बंद. तरी तू नाही म्हणालीस तर मी येणार नाही. मी इथेच केक करीन आणि कापसाला वाटीन.

आई

१४ मार्च

कोरीन आणि ट्रॉय,

कार्ड मिळालं! मी ते इतकं फिरवलं की कोपरे गेले. त्यावर ट्रॉयचं अक्षर, दोन ओळी: "या. पण चाचणी माझ्यासमोर, आमच्या अंगणात होईल." आणि खाली एक रेघोटी, जांभळ्या रंगाची, कागद फाटेस्तोवर दाबून काढलेली. मेव्हिस म्हणते, ती विनीनं काढली. मला विचारायचीही गरज नाही, माझ्या घराण्याचंच अक्षर आहे ते!

ट्रॉय, चाचणी कर. दहा चाचण्या कर. तुला बसायला खुर्ची मी आणते.

रविवारी निघते. हबकानं टायर बघितले, तेल बघितलं, पट्टे बघितले, आणि मला तीनदा म्हणायला लावलं: गाडी चालताना टाकी बंद. मेव्हिसनं दोन डझन अंडी उकडून दिली. नाकाचं आता तिलाही सांगितलंय, तर वास कसा आहे म्हणून विचारते मेली!

आई

६ एप्रिल

कोरीन,

तू बर्फ आणायला गेलीस, वीस मिनिटांत येते म्हणालीस. हे पत्र मी तुझ्या अंगणातून तुलाच लिहिते आहे. पोस्टाचं तिकीट वाचलं. डाव्या हातानं पोर धरलंय, उजव्या हातानं लिहिते, तर अक्षराला हसू नकोस.

काल तू कामावर होतीस आणि मी आले, तेव्हा ट्रॉय दारातच उभा होता हात बांधून. जेवलात का नाही, प्रवास कसा झाला नाही, म्हणाला, "चला." मी खुर्ची दिली. नळी लावली, टाकी हळू उघडली, अकरा. बंद केली, आठावर आणली. त्यानं विचारलं, "हे लाल काय आहे?" मी म्हटलं, बीटाचं पाणी. तो म्हणाला, "मला वाटलं रक्त." बाहेर तुमचा कॅन्ससचा वारा.

पाच मिनिटं झाली. आठ. मी म्हटलं, झालं. तो म्हणाला, "बसा." दहा मिनिटं. आठ. कोरीन, वीस मिनिटं बसवलं गं मला त्या माणसानं! पाणी केसभर हललं नाही. त्या वीस मिनिटांत मी त्याला तोंडावर सांगितलं, पत्रात लिहिलं तेच, पण तोंडावर. तो नळीकडेच बघत होता. मग म्हणाला, "भावाच्या सोफ्याची स्प्रिंग बाहेर आलीये. इथे." आणि पाठीवर बोट ठेवून दाखवलं. मी म्हटलं, मग? तो म्हणाला, "मग काही नाही. उद्या केक कोणता करताय?"

म्हणून आज तो स्ट्रॉबेरीचा केला, ट्रॉयच्या आवडीचा. विनीला काय, ती मेणबत्तीही खायला निघाली होती.

आणि मघाशी तू. बर्फ संपला म्हणालीस. बर्फ संपला नव्हता, मी डबा बघितला होता, अर्धा भरलेला होता. ट्रॉय म्हणाला, मी पण येतो. तुम्ही दोघं दारापर्यंत गेलात, तू परत आलीस. माझ्या शेगडीकडे वाकून बघितलंस, चारही बटणं एकेक करून. मी म्हटलं, बघ, नीट बघ. मग जमिनीजवळच्या डबीचा हिरवा दिवा बघितलास. मग विनीला माझ्या मांडीवर ठेवलंस आणि गेलीस. तुमच्या गाडीची चावी फिरवल्याचा आवाज आला, मग बराच वेळ ती निघेचना. मी खिडकीतून डोकावले नाही. मला वाटलं, मी डोकावले तर तू परत येशील. मग निघाली.

तर आम्ही दोघी. शेगडी बंद, टाकी बंद, खिडकी उघडी. तिला मी गजपट्टी दिली, तिनं तिचं टोक चावलं. तिला टोमॅटो सूपचा गालिचा आवडला, त्यावर गाल घासते. चार दात आहेत आता, आणि पाचवा येतोय, बोटानं कळतो. मी मघाशी तिच्या टाळूवर नाक ठेवलं. वास आला नाही. केस नाकात गेले आणि मला शिंक आली आणि तिला इतकं हसू आलं की मी मुद्दाम अजून तीनदा शिंकले.

आता ती एकदम गप्प झालीये. तोंड लाल, भुवया आवळलेल्या, माझ्या बोटाला घट्ट धरलंय आणि लांब कुठेतरी बघते आहे, पाद्रीबाबा प्रार्थनेत बघायचे तशी. मला वास येत नाही, तर मी दर थोड्या वेळानं डायपर उघडून बघायचं ठरवलंय. थांब, बघते.

हो. भरपूर.

लिहिणं थांबवते, दोन्ही हात लागणार आहेत.

आजी